वेगाचे वेड आणि दोन सेकंदांचा दंड

वाहन चालविण्याचा परवाना हाती आला की आपल्या घरांतील तरुणांना मोटार किती जोरात धावते हे पाहण्याची ओढ लागते. ही ओढ वयाला धरूनच आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती जागेबद्दल. दोन्ही बाजूंस उंच ऊस, मध्ये अरुंद रस्ता आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही, अशा ठिकाणी वेगाचा पहिला धडा घेणाऱ्याला चूक सुधारण्याची संधी मिळेलच असे नाही. रात्रीच्या बेकायदा शर्यतींच्या बातम्या आपण वाचतो, चार दिवस हळहळतो आणि मुलांना 'हळू चालव' एवढे सांगून मोकळे होतो. आम्हांला हा उपदेश अपुरा वाटतो.

वाचकहो, परदेशांत या ओढीला एक शिस्तीची वाट काढून दिलेली आहे. तिचे नाव ऑटोक्रॉस. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेली 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था 'सोलो' या नावाने हा खेळ चालवते आणि १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धाही भरवते. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटले की गवताचे किंवा मातीचे मैदान डोळ्यांसमोर येते. भारतातही मोटार-क्रीडेचे नियमन करणाऱ्या महासंघाच्या क्रीडाप्रकारांत ऑटोक्रॉस आहे. येथे आम्ही अमेरिकेतील पद्धतीविषयी लिहीत आहोत, कारण ती नवशिक्याला सर्वांत सोपी आहे.

मोठे रिकामे वाहनतळ किंवा जुनी धावपट्टी घेतात. रस्ता दुरुस्त करताना ठेवतात तसे नारिंगी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखतात. एका वेळी घड्याळ एकाच मोटारीचे चालते आणि दोन मोटारी जवळ येणार नाहीत इतके अंतर ठेवतात, त्यामुळे कोणी कोणाला मागे टाकण्याचा प्रश्नच नसतो. एक फेरा साधारण मिनिटभराचा असतो. वेग बहुधा हमरस्त्यावरच्या वेगापलीकडे जात नाही. शंकू पडला किंवा आखलेल्या चौकटीबाहेर गेला, तर बहुतेक ठिकाणी वेळेत दोन सेकंद मिळवतात. मार्ग चुकला तर तो फेरा बाद. चुकीची शिक्षा एवढीच.

नवशिक्याने काय करावे? घरची साधी मोटार चालते. आदल्या दिवशी चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी हलत नाही ना, तेल गळत नाही ना आणि ब्रेकचा पेडल दाबल्यावर मऊ लागत नाही ना हे पाहावे. टायर झिजलेले नसावेत व त्यांत हवा पुरेशी असावी. पायाखालची सैल चटई, डिकीतले सामान, मागच्या बाटल्या सर्व काढून ठेवावे. तेथील तपासनीस याच गोष्टी पाहतात आणि दोष आढळला तर मोटार मार्गावर सोडत नाहीत. शिरस्त्राण सक्तीचे असते. पुष्कळ क्लब नवख्यांना ते दिवसापुरते वापरायला देतात.

फेऱ्यापूर्वी सर्व चालक पायी मार्ग फिरून येतात. नवशिक्याने दोन-तीन वेळा फिरावे आणि कोठे ब्रेक लावायचा, कोठे वळायचे हे मनाशी पक्के करावे. आडवा ठेवलेला शंकू जाण्याची दिशा दाखवतो. मोटारीत बसल्यावर नजर समोरच्या शंकूवर खिळवू नये, त्याच्या पुढच्या वळणावर ठेवावी, कारण जिकडे डोळे तिकडे हात. ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी लावावा. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळणासाठी काही उरत नाही. पहिल्या फेऱ्यात घड्याळाकडे लक्ष न देता मार्ग न चुकता पूर्ण करावा. अनुभवी चालक शेजारी बसायला तयार असेल तर त्याला नाही म्हणू नये.

दिवसाकाठी चार ते सहा फेरे मिळतात, म्हणजे प्रत्यक्ष चालविणे फार तर पाच-सहा मिनिटांचे. उरलेल्या वेळात आपली पाळी आली की उन्हात उभे राहून इतरांनी पाडलेले शंकू उचलून जागेवर ठेवायचे आणि धोका दिसला तर लाल निशाण दाखवायचे. हे काम कोणाला चुकत नाही. आम्हांला या खेळातील हा भाग सर्वांत आवडतो. आपली हौस भागवायची तर दुसऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही घ्यायची, हे व्याख्यान देऊन शिकवता येत नाही.

वर्गात आम्ही फळ्यावर लिहितो की ब्रेक लागल्यानंतर मोटार थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५० किलोमीटरला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर ताशी ७० ला लागते. मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. ब्रेक दाबूनही मोटार घसरत पुढे गेली आणि दोन शंकू आडवे झाले, की तोच मुलगा क्यूरपिपच्या पावसात ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवू लागेल, असा आमचा विश्वास आहे.

काही पालक म्हणतील, यामुळे वेगाचे वेड वाढेल. वेड तर आहेच. ते कोठे जिरवायचे एवढाच प्रश्न आहे. मात्र एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. शंकूंच्या मैदानात समोरून बस येत नाही, शाळेची मुले रस्ता ओलांडत नाहीत. म्हणून तेथे चांगला ठरलेला चालक रस्त्यावर आपोआप चांगला ठरतो असे नाही. वाहतुकीचे नियम आणि संयम वेगळे शिकावेच लागतात. शिवाय टायर झिजतात, पेट्रोल जळते आणि खासगी विमापत्रांत स्पर्धा बहुधा वगळलेल्या असतात. विमापत्र वाचल्यावाचून मोटार नेऊ नये. रिकाम्या आवारात चार मित्रांनी आपापल्या मनाने शंकू मांडणे म्हणजे ऑटोक्रॉस नव्हे. परवानगी, देखरेख, प्रेक्षकांपासून अंतर आणि प्रथमोपचाराची सोय नसेल तर तीही रस्त्यावरची शर्यतच.

आपल्या बेटावर रविवारी सकाळी मोकळे राहणारे वाहनतळ आहेत, बंद पडलेल्या साखर कारखान्यांची आवारे आहेत. मालकांची संमती, पोलिसांची परवानगी आणि जाणत्या चालकांची देखरेख यांची सांगड घालण्यासाठी आपल्या युवक मंडळांनी पुढाकार घ्यावा. पालकांनीही मुलाबरोबर मैदानावर जावे आणि शंकू उचलायला हात लावावा. मुलांनी चुका कराव्यात, पण जेथे त्यांची किंमत दोन सेकंद आहे तेथे कराव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.