डिस्कवर नाव नसतं

फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं, असं चांगले मुरलेले इंजिनिअरही समजून चालतात. लिनक्स डिस्कवर फक्त एक क्रमांक लिहितं. त्या क्रमांकाचा माणूस कोण, हे प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या फाइलीत असतं. ज्यांनी गावाकडचा सातबारा हाताळला आहे त्यांना हे लगेच कळेल. खाते क्रमांक ४२ आपल्या गावात आपला; शेजारच्या गावात तोच ४२ दुसऱ्या कुणाचा.

उबुंटू, डेबियन, फेडोरा, सगळीकडे पहिल्या माणसाला १००० मिळतो. (रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत तो ५०० होता, आपल्या गावच्या ॲपलचा मॅक ५०१ पासून मोजतो.) बाबांच्या यंत्रावर बाबा १०००, आई १००१. मुलीच्या यंत्रावर मुलगी १०००. बाबांची डिस्क तिथे जोडली की बाबांच्या साऱ्या फाइली मुलीच्या नावावर दिसतात. आईच्या फाइलींपुढे मात्र नुसता आकडा, आणि आईने त्या खासगी ठेवल्या असतील तर मुलीला त्या उघडतही नाहीत.

इथली पहिली पिढी आता सत्तरीत आहे. आजीच्या आवाजातल्या ओव्या, मंडळाच्या नाटकांच्या चित्रफिती, मृत्युपत्राचा मसुदा, सगळं अशाच डिस्कांवर पडून आहे. फाइल उघडेना की लोक वैतागून ‘सीएचमॉड ७७७’ करतात. किल्ली सापडत नाही म्हणून दारच उखडून ठेवण्यासारखं आहे ते. रूट होऊन ‘सीएचओन’ने मालक एकदा बदलला की काम होतं.

उलट बाजू मला जास्त गंभीर वाटते. डिस्क चोराच्या हाती लागली, तर त्याच्या यंत्रावर तोही १०००च! सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस आणलं, तेव्हाही समोरचं यंत्र सांगेल तो क्रमांक खरा मानला जाई. प्रयोगशाळेत सगळे ओळखीचे होते, तोवर चाललं. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला एनक्रिप्शनच हवं. लिनक्सवर त्यासाठी ‘लक्स’ आहे, फुकट आहे.

घरातल्या प्रत्येकाचा क्रमांक ठरवून टाका, आई २००१, बाबा २००२, आणि नव्या यंत्रावर खातं उघडतानाच तो द्या. ही यादी आणि एनक्रिप्शनचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. डिस्कसोबत नको.