सामाईक चुलीचें शहर

आमच्या शेजारची एक मुलगी नुकतीच वडसा स्टेशनावरून निघाली, ती वैद्यक शिकण्यासाठीं किर्गिझस्तानच्या राजधानीस, बिश्केकला. भारतांतील हजारों विद्यार्थी आज तेथें आहेत. तिच्या आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, “गुरुजी, तिकडच्या थंडींत पोरीचं कसं व्हायचं?”

हें शहर १९२६ पासून १९९१ पर्यंत फ्रुंझे या नांवानें सोव्हिएत राज्यांत होतें. त्या काळीं उभारलेल्या औष्णिक केंद्राची ऊब नळांवाटे आजही पुष्कळशा इमारतींत खेळते. एकत्र कुटुंबाची सामाईक चूलच ती! परंतु जानेवारी २०१८ मध्यें केंद्र बिघडलें आणि ऐन कडाक्यांत हजारों घरें एकदम गारठलीं. सोव्हिएत राज्य मोडल्यावर खेड्यांतून आलेल्यांनीं शहराभोंवतीं वस्त्या केल्या. तेथें बहुधा ही ऊब पोंचलीच नाहीं. ते लोक कोळसा जाळतात, आणि हिंवाळ्यांत तो धूर नळवाल्यांच्याही छातींत शिरतो.

चुलीपाशीं सर्वांस जागा नसली, तर धूर मात्र सर्वांच्याच वांट्यास येतो. आपल्या घरांतही हा अनुभव नाहीं काय?

आजीबाईंस आम्हीं इतकेंच सांगितलें: पोरीनें खोली घेतांना भाडें मागाहून विचारावें, आधीं नळ ऊन आहे कीं नाहीं, तें हात लावून पाहावें.