माकडहाड आणि दहावीचे पुस्तक

पाठ्यपुस्तकातून एखादा धडा गेला, तर त्याची दवंडी पिटली जात नाही. मोर्चा निघत नाही, बाजारपेठ बंद राहत नाही. जूनमध्ये नवी पुस्तके येतात, मुले त्यांना खाकी कव्हरे घालतात, आणि जे पान छापलेच गेले नाही त्याची आठवण कुणाला होत नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग असाच गाळला. पूर्वी प्रकरण आनुवंशिकता आणि उत्क्रांती अशा जोडनावाचे होते. नव्या छपाईत नुसती आनुवंशिकता उरली. कारण सांगितले गेले ते कोविडनंतर मुलांवरचे ओझे कमी करण्याचे. एप्रिल २०२३ मध्ये देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून याला विरोध केला. त्यावर उत्तर आले की, बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहेच, मग ओरड कशासाठी?

वरवर पाहता उत्तर पटण्यासारखे आहे. पण रहिमतपूरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने जरा आपल्या आळीतल्या मुलांचा हिशेब मांडून पाहावा. दहावीनंतर एक आयटीआयला जातो, दुसरा कॉमर्स घेतो, तिसरा घरच्या उसात आणि आल्याच्या वाफ्यात वडिलांच्या मदतीला उभा राहतो. एखाद्या हुशार मुलीचे शिक्षण घरच्या अडचणीपायी तिथेच थांबते. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले त्यातली किती? दहावी हे सर्वांना सक्तीने विज्ञान शिकवणारे शेवटचे वर्ष. तिथे जे कानावर पडले नाही, ते बहुतेकांच्या कानावर जन्मात पडत नाही. म्हणजे हा धडा बारावीत ढकलणे हे नुसते पुढे ढकलणे नव्हे. बहुसंख्य मुलांपुरता तो रद्द करणेच आहे.

आपल्या राज्याबद्दल मात्र एक बरी गोष्ट सांगायला हवी. बालभारतीने २०१८ मध्ये दहावीचे विज्ञानाचे जे पुस्तक काढले, त्याच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. जीवाश्म, अवशेषांगे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत, मानवाची वाटचाल असे सगळे त्यात आहे. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जानेवारीत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले होते. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहिले वा सांगितले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असा त्यांचा मुद्दा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिले. शिक्षणमंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला असे बोलणे टाळायला सांगितले.

सत्यपाल सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. म्हणूनच मला या मुद्द्याचे नवल वाटते. खून होताना पाहणारा साक्षीदार नसला, तर पोलीस तपास सोडून देतात काय? बोटांचे ठसे असतात, रक्ताचे डाग असतात, वेळेचा मेळ असतो. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटत नाही ना, एवढेच न्यायालय पाहते. उत्क्रांतीचा पुरावा नेमका याच जातीचा आहे. आणि त्यातला एक दुवा तर आपल्याच देशातला. जम्मूतील कालाकोट भागात ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाने खडक गोळा करून ठेवले होते. ते हयात नसताना, त्या खडकांतून सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका खुरवाल्या, लहानशा प्राण्याची हाडे मिळाली. त्याचे नाव ‘इंडोहायस’. दिसायला हा प्राणी पिसोऱ्यासारखा, पण त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाच्या कानासारखी. जमिनीवरचे प्राणी समुद्रात जाऊन देवमासे कसे झाले, याची साखळी जुळवताना २००७ मध्ये हा दुवा जगापुढे आला. होताना कुणी पाहिले नव्हते. हाडाने साक्ष दिली.

‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य डार्विनच्या नावावर खपवले जाते, तेही धड नाही. आजचे माकड हे आपले आजोबा नव्हे. ते आपल्या भावकीतले. खूप मागे गेले तर दोघांचा मूळपुरुष एक, नंतर वाटण्या झाल्या, एक घर झाडावर राहिले, दुसरे माळावर उतरले. वाटणी म्हणजे काय हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आणि भावकीची खूण आपण अंगावर बाळगतोच. पाठीच्या कण्याच्या टोकाला, जिथे इतर प्राण्यांना शेपूट असते, तिथे आपल्याला काही मणके जुळून झालेले एक हाड आहे. त्याला आपल्या मराठीत ‘माकडहाड’ म्हणतात. हा शब्द कुणा साहेबाने शिकवलेला नाही. जिन्यावरून घसरून पडलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी तो आपोआप येतो. अक्कलदाढ, आंत्रपुच्छ ही अशीच मागे राहिलेली सामानसुमाने. कुणी बुद्धिमान कारागिराने माणूस एकदम, नव्या कोऱ्या आराखड्याने घडवला असता, तर जागा न पुरणारी दाढ त्याने कशाला बसवली असती, हा प्रश्न दातांच्या डॉक्टरांकडे रांगेत बसलेल्या कुणालाही सुचावा.

उत्क्रांती ही परक्या मुलखातली गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी आपल्या गोठ्यात आणि रानात पाहावे. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राण्यांपासून केली. त्याने कबुतरे पाळणाऱ्यांचे उदाहरण दिले. माणदेशात जन्मला असता तर खिलार बैलाचे दिले असते. चपळ, काटक, उंच शिंगाचा खोंड वळूसाठी राखायचा, बाकीचे राखायचे नाहीत, हे पिढ्यान् पिढ्या केले म्हणून खिलार उभा राहिला. आमच्या कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे बियाणे राखणाऱ्या हातांनीही दाणा निवडण्याचेच काम केले. डार्विनने एवढेच विचारले की, निवड करणारा शेतकरी नसेल आणि त्याच्या जागी दुष्काळ असेल, थंडी असेल, शत्रू असेल, तर? उत्तर कासच्या पठारावर मिळते. पावसाळ्यात तिथल्या खडकावरच्या उथळ मातीत ‘वायतुरा’ नावाची एक वनस्पती उगवते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण ती या भागातल्या उंच सड्यांपलीकडे सहसा सापडत नाही. चार महिने पाणी आणि आठ महिने तापलेला कातळ, या परीक्षेला जे उतरले तेच तिथे राहिले.

हे केवळ कुतूहलापुरते असते तर दहावीत शिकवले काय आणि न शिकवले काय, असे म्हणून सोडून देता आले असते. पण इथे पैशाचा आणि प्राणाचाही प्रश्न आहे. बीटी कापूस आपल्या देशात २००२ मध्ये आला. बोंडअळी संपली असे वाटत असताना २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचे शेतकरी रडवले. काय झाले होते? लाखो अळ्यांत विष पचवणाऱ्या थोड्या होत्या, त्या उरल्या, त्यांची प्रजा वाढली. ही नैसर्गिक निवडच. म्हणून बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावा, असे तज्ज्ञ सांगत होते. साध्या कपाशीवर जगलेल्या अळ्यांशी मिसळून ती ताकद पातळ व्हावी, हा हेतू. पण कारण न समजता दिलेला सल्ला कोण पाळतो? क्षयाच्या गोळ्या बरे वाटताच मध्येच सोडणाऱ्या रोग्याचेही तेच. अर्धवट औषधातून चिवट जंतू वाचतात, आणि पुढच्या खेपेला तेच औषध चालत नाही. ज्या मुलाला दहावीत हे नीट समजले, त्याला मोठेपणी फवारणीचा डबा आणि गोळ्यांची पट्टी हाती घेताना आपण काय करतो आहोत हे कळेल.

अमेरिकेत हा वाद शंभर वर्षे चालला आहे. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. पुढे वारे फिरले. बायबलातली सृष्टी-उत्पत्ती ‘विज्ञान’ म्हणून सरकारी शाळांत सक्तीने शिकवता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले. मग तीच गोष्ट नवा सदरा घालून आली. सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की त्यांच्यामागे कुणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असा हा ‘बुद्धिमान रचने’चा वाद. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने त्याचे निवेदन नववीच्या वर्गात वाचून दाखवण्याचा हुकूम काढला. शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला आणि अकरा पालक न्यायालयात गेले. सुनावणीत त्या पक्षाच्या पुस्तकाचे जुने खर्डे निघाले. १९८७ च्या निकालानंतर त्यांत ‘निर्मितीवादी’ हा शब्द खोडून तिथे ‘रचनेचे समर्थक’ असे घातलेले आढळले. एका ठिकाणी तर घाईत दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहून गेली होती. न्यायाधीश जोन्स यांनी डिसेंबर २००५ मध्ये निकाल दिला की, हे विज्ञान नव्हे. या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत, हे विसरू नये.

आपल्याकडे या वादाने दशावताराचे रूप घेतले आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच, असे आपण लहानपणापासून कौतुकाने ऐकतो. कौतुक म्हणून त्यात वावगे काही नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी, दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत आहे, असेच प्रतिपादन केले. मला वाटते, यात विज्ञानापेक्षा दशावताराचेच अधिक नुकसान आहे. शास्त्रीय सिद्धांत हा भाडेकरू असतो. विरुद्ध पुरावा आला की त्याला घर खाली करावे लागते. उद्या एखादा जीवाश्म या क्रमात बसला नाही, तर आपण नरसिंहाला देव्हाऱ्यातून उठवणार आहोत काय? नाही ना? मग ज्याला परीक्षेत नापास करण्याची आपली तयारी नाही, त्याला परीक्षेला बसवू नये. भक्तीची जागा देवळात, वारीत, कीर्तनात आहे, आणि ती भक्कम आहे. तिला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

दुसऱ्या बाजूचेही माप घालायला हवे. डार्विनच्या नावाखाली माणसामाणसांत उच्चनीच ठरवण्याचे उद्योग युरोपात झाले. त्यांचे उत्तरही विज्ञानानेच दिले, आणि त्यात एक मराठी नाव आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. मानवी कवट्यांच्या ठेवणीवरून गोऱ्यांची श्रेष्ठता सिद्ध होईल, अशी तिथल्या गुरूची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी तसा काही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. उत्क्रांती आपल्याला सांगते ती हीच गोष्ट : पृथ्वीवरची सगळी माणसे एका जातीची, आणि त्या सगळ्यांचे मूळ गाव आफ्रिका. जातीवरून सोयरिकी मोडणाऱ्या आणि जातीवरून माणसे मारणाऱ्या समाजात पंधरा वर्षांच्या मुलाला हे पुस्तकात छापलेले वाचायला मिळणे, ही लहान गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यात महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण आहे आणि आगरकरांचे जन्मगाव टेंभू आहे, जिथे काले गावी १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तिथे तर नाहीच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. दहावीच्या पुस्तकावरही नव्याने हात फिरेल. आजचा पाठ राहील, आखडेल की ओझे म्हणून उतरवला जाईल, हे ठरवणाऱ्या खोलीत तुम्हीआम्ही नसू. पण आपण पालक आहोत, शाळा समित्यांवर आहोत, शिक्षक आहोत. आणि पाठ राहिला म्हणजे काम झाले असेही नाही. पाच गुणांचे ‘महत्त्वाचे प्रश्न’ फळ्यावर लिहून पुढे सरकलेला वर्ग मी पाहिला आहे. त्यापेक्षा मुलांना एकदा गोठ्यातल्या बैलाची वंशावळ आजोबांना विचारून यायला सांगावे. पावसाळ्यात कासला नेऊन फुलांबरोबर फोटो काढण्याआधी पायाखालचा कातळ दाखवावा. वर्गात एखादे पोर उठून विचारील, ‘सर, मग देवाने काय केले?’ त्याला गप्प बसवू नये. या प्रश्नावर हजारो वर्षे शहाणी माणसे विचार करत आली आहेत, तूही कर, आणि तोवर हे हाड बघ, असे सांगता आले पाहिजे.

ओझे मुलांच्या दप्तरातच आहे असे नाही. न समजलेल्या जगाचेही ओझे असते, आणि ते जन्मभर वाहावे लागते. नवी पुस्तके घरी आली की कव्हर घालण्यापूर्वी पालकांनी एवढे करावे : अनुक्रमणिका उघडावी, आणि कोणते पान नाही ते पाहावे.