फिट आली तेव्हा घरात कोण?

माण-खटाव असो की जत-आटपाडी, पोराला फिट आली की पहिला प्रश्न आईलाच: ग्रहण पाळलं नव्हतंस का? मग कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, कुणीतरी देवरुषाचं नाव सुचवतं. पोर शुद्धीवर येतं, माणसं पांगतात. आई मात्र पुढच्या फिटच्या धास्तीनं रात्रभर जागी.

ग्रहणाचा आणि अपस्माराचा, म्हणजे या फिटच्या आजाराचा, काडीचाही संबंध नाही. जन्मताना बाळ गुदमरणं, मेंदूज्वर, डोक्याला मार, आनुवंशिकता ही त्याची कारणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. तरी दोष एकदा आईच्या पदरात पडला की ती आजार लपवायला लागते. मुलगी असेल तर जास्तच, कारण पुढे सोयरीक आहे. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी संसदेनं १९९९ मध्ये काढली. भावकीनं अजून काढलेली नाही. शाळेतही सांगितलेलं नसतं. मग वर्गात फिट आली की बाई घाबरतात आणि आईला बोलावणं जातं. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही म्हणून ती भांगलणीला जायचं सोडते, हातचा रोजगार जातो.

याला आपण आईची माया म्हणतो. माझ्या मते ही एकाच बाईवर टाकलेली, कधीच न बदलणारी रात्रपाळी आहे. ‘धीर धर’ म्हटल्यानं तिचा ताण उतरत नाही, घरातलं दुसरं माणूस शिकलं तर उतरतो. आणि शिकायचं थोडंच आहे. मुलाला कुशीवर वळवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. घड्याळ बघा, बहुतेक झटके आपोआप थांबतात, ५ मिनिटांच्या वर गेला तर तडक दवाखाना. गोळी मात्र एकही चुकवायची नाही, उपासाला नाही, जत्रेलाही नाही. नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार सोसून ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. आपल्यासारखीच दुसरी आई समोर बसलेली दिसणं, हे कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोठं आहे. पण जतहून पुणं लांब पडतं. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एकदा अशा आयांना एकत्र बसवायला वेगळी इमारत लागत नाही. डॉक्टरांनीही मुलाची चिठ्ठी लिहिताना आईला एवढं विचारावं: तुम्हाला झोप लागते का?

आणि वडिलांना सांगणं आहे. पुढच्या तपासणीला तुम्ही या. रात्रीची गोळी आजपासून तुमच्या हातानं द्या.