तेराचे नऊ इथेनॉलमुळे होत नाहीत

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना! पंपावर तेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेच. गॅरेजवालाही तेच सांगतो आणि वर इंजेक्टर क्लीनिंगचं बिल हातात ठेवतो. माझी उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. डेपोत कुठल्या गाडीला किती डिझेल घातलं आणि ती किती किलोमीटर पळाली, याची नोंद असते. एखादी गाडी जास्त खायला लागली की आधी कारण शोधायचं, मग पाना हातात घ्यायचा. घरच्या गाडीला हा न्याय कुणी लावत नाही, याचा मला राग येतो. कारण तिथे संसाराचा पैसा जातो.

इथेनॉलचा हिशेब सरळ आहे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत फटका सहा-सात टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी हाच आकडा होता. हे नुकसान खरं आहे आणि ते ग्राहकाला पंपावरच स्पष्ट सांगायला हवं होतं. पण त्याने लिटरमागे तेरा किलोमीटरचे बारा होतील, नऊ नाही.

पुण्यातल्या माझ्या भाचीची सात सीटची पेट्रोल एसयूव्ही तेराच्या आसपास द्यायची, ती नवावर आली. "मामा, सगळे म्हणतात इथेनॉलच आहे, आता सवय करून घ्या." तोवर गॅरेजने प्लग बदलले होते, इंजेक्टर साफ केले होते, एअर फिल्टर नवा टाकला होता. फरक काही नाही. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल प्यायची, हे खरं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत येणारी हवा ओळखतो आणि त्या हिशेबानेच पेट्रोल सुटतं. चोंदलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं.

गाडी माझ्याकडे सांगलीला आली तेव्हा टायरमध्ये हवा कमी होती. ती भरली, पण एवढ्याने लिटरमागे चार किलोमीटर जात नाहीत. खरा धागा भाचीच्याच बोलण्यात निघाला. हायवेला टेंपरेचरचा काटा खालीच राहतो, खंबाटकी घाट चढताना तेवढा वर येतो, असं ती म्हणाली. सकाळी गार इंजिन चालू केलं आणि पंख्यापासून जपून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट चांगला असेल तर हा होज बराच वेळ गारच राहतो. आतलं पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर गेलं की त्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि होज एकदम तापतो. इथे तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरतं तापत नाही आणि गाडी आत्ताच चालू झालीय असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. स्कॅनर लावला तर हायवेवर पाणी पासष्टच्या पुढे जात नव्हतं. चेक इंजिनचा दिवा मात्र लागला नव्हता. दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत, हा समज सोडून द्या.

दुसरं कारण पुढच्या डाव्या चाकात होतं. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता गाडी आणली, तर बाकीची चाकं कोमट आणि त्या रिमजवळ हात धरवेना. जॅकवर घेतली तर चाक हाताने एक फेरा पुरा करेना. कॅलिपरच्या पिना सुकून जाम झाल्या होत्या, पॅड डिस्कला घासतच होते. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, पॅड बदलले, थर्मोस्टॅट नवा बसवला. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, गाडी भरपूर चालवायची आणि पुन्हा तशीच भरून भागाकार करायचा, असं मोजलं. डॅशबोर्डच्या आकड्यावर मी विसंबत नाही. अ‍ॅव्हरेज बाराच्या वर आलं. उरलेलं इथेनॉलच्या नावावर टाकायला माझी हरकत नाही.

सेवेचा दर्जा काय, हे जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला दिला आहे. जॉब कार्डवर 'अ‍ॅव्हरेज कमी' एवढं लिहून खाली क्लीनिंगची पॅकेजेस जोडायची, यात तो हक्क कुठेच नाही. गॅरेजने काय तपासलं ते तिथे यायला हवं: पाण्याचं तापमान, फ्युएल ट्रिमचा आकडा (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो), चारही चाकं मोकळी फिरतात का, टायरची हवा. स्कॅनर बऱ्याच गॅरेजमध्ये पडून असतो, काम थोड्या वेळाचं आहे. कंपन्यांनी आपल्या सर्व्हिस सेंटरना हे सक्तीचं करावं. तोपर्यंत हे आकडे लिहून मिळाल्याशिवाय कुठल्याही पॅकेजवर सही करू नका.