तैपेईच्या पाटीवरील स्वस्तिक

परदेशी निघालेल्या जैन गृहस्थाची निम्मी बॅग खाकरा आणि ठेपल्यांनीच भरलेली असते. त्यामागील चिंता खोटी नाही. परंतु तैवानची राजधानी तैपेई येथे ती बरीचशी हलकी होते, आणि बेताच्या खर्चात फिरणाऱ्यास हे नगर विशेष मानवते.

तेथील साध्या गल्ल्यांतून हिंडताना एखाद्या खाणावळीच्या पाटीवर स्वस्तिक आढळते. त्याच्या भुजा आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेस वळलेल्या असतात. ते तेथील बौद्ध परंपरेचे चिन्ह होय. शेजारी ‘सू’, अर्थात शाकाहार, हे चिनी अक्षर असते. या आहारात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. गंमत अशी की, वर्ज्य पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगाचाही समावेश आहे. आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाची उणीव भरून काढतो, तोच हा हिंग!

यांतील अनेक खाणावळींत मांडलेल्या भाज्यांतून हवे तेवढे स्वतः वाढून घ्यावयाचे, काट्यावर वजन करावयाचे आणि त्याप्रमाणे पैसे द्यावयाचे, अशी रीत आहे. भाषेवाचून अडत नाही, अन्न टाकावे लागत नाही आणि खर्चही आपल्या हाती राहतो. चांद्र मासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या वाचकास हे सहज उमगेल.

तथापि, ‘सू’ म्हणजे जैन आहार नव्हे. मुळा, गाजर, बटाटा आणि अळंबी तेथे निषिद्ध नाहीत. मुळा तर रश्शात हमखास असतो, आणि शिजल्यावर ओळखू येत नाही. म्हणून वर्ज्य पदार्थांची नावे चिनी लिपीत लिहून घेतलेला कागद खिशात असावा. चुकीच्या उच्चारापेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह. दुकानातील वेष्टित शाकाहारी पदार्थांवर मात्र नियमानुसार पाच गटांपैकी एकाची नोंद असते: शुद्ध वनस्पतिजन्य, अंडीयुक्त, दुग्धयुक्त, दोन्ही असलेला, आणि कांदा-लसूण वर्गातील पदार्थ असलेला. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याहून ही व्यवस्था अधिक बारकाईची आहे, हे मान्य करावयास हवे.

उकळलेले पाणी पिणाऱ्यांचीही सोय होते. अनेक सार्वजनिक ठिकाणी गरम पाणी देणारी यंत्रे आहेत. बाटली तेवढी उष्णता सोसणारी हवी. मेट्रोत मात्र पाण्याचा घोटही घेता येत नाही. दंड 1,500 ते 7,500 तैवान डॉलर, आणि तिकिटाचा किमान दर अवघा 20 डॉलर!

खरी कसोटी सूर्यास्ताची. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काही खाणावळी दुपारी बंद होऊन तेव्हाच पुन्हा उघडतात. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने दुपारीच डबा बांधून घ्यावा. सकाळ 1738 साली स्थापन झालेल्या लुंगशान मंदिरात घालवावी. तेथे प्रवेशशुल्क नाही.

भोजन लवकर आटोपलेल्यास संध्याकाळ मोकळीच असते. रात्रबाजाराच्या वासात ती घालविण्यापेक्षा मेट्रोने श्यांगशान स्थानकावर उतरावे आणि ‘हत्ती डोंगर’ चढावा. समोर 508 मीटर उंचीच्या ‘तैपेई 101’ या इमारतीचे दिवे उजळताना दिसतात. तिकीट काही नाही. पायऱ्या मात्र चांगल्याच खड्या आहेत.