समदे खांब सारखेच

सप्टेंबर २०१५. सिंहस्थातल्या शाही स्नानाची दुपार. नाशिकच्या पंचवटीतल्या एका चौकात विजेच्या खांबाला टेकून परभणीकडची एक म्हातारी बसली होती. पिशवीत ओलं लुगडं, पदराच्या गाठीत मुलाचा मोबाइल नंबर लिहिलेला चिटोरा. माझ्या फोनवरून पुन्हा पुन्हा लावून पाहिला, पण त्या गर्दीत फोन लागेना. "कुठं थांबायचं ठरलं होतं, आजी?" असं विचारलं, तर म्हणाली, "खांबापशी बस म्हनला होता. खांब तर समदे सारखेच हैत की गं माय."

शहराकडे परक्या माणसाच्या नजरेनं पाहावं, या हेतूनं मी हा स्तंभ लिहिते. आजींच्या त्या वाक्याइतकी नेमकी तक्रार मला अजून कुणाकडून ऐकायला मिळालेली नाही.

त्याच वर्षी, २५ जून २०१५ रोजी, स्मार्ट सिटी योजना सुरू झाली होती. पुढे देशातली शंभर शहरं तिच्यात आली, महाराष्ट्रातली आठ. त्यांत नाशिकही होतं. मार्च २०२५ मध्ये योजनेची मुदत संपली, तोवर शंभरही शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले होते. भिंतभर पडदे, चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं, समोर बसलेले कर्मचारी. त्या कक्षातून शहराला पाहुणा दिसतो. रस्त्यावर उभ्या पाहुण्याला मात्र पुढचा चौक कसला, गर्दी किती, पाणी कुठं, यातलं काहीच कळत नाही. पडद्यावरच्या माहितीतला त्याच्या उपयोगाचा भाग त्याच्या डोळ्यांसमोर, तो उभा असेल तिथं आला पाहिजे. तोही फोन न काढता.

हे कसं करायचं ते नाशिकला शिकवावं लागू नये. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आमचा पूरमापक आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. अंगठा उठवणाऱ्यालाही ते वाचता येतं, वीज गेली तरी वाचता येतं, आणि त्यावरून दुकानातला माल हलवायचा की नाही हे व्यापारी ठरवतात. सार्वजनिक तंत्रज्ञानाची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

गर्दीलाही असा मारुती हवा. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. मागून ढकलणाऱ्यांना पुढं वाट तुंबलीय हे कळायला मार्ग नव्हता. ही जखम नाशिक विसरलेलं नाही. म्हणूनच २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटीच्या मीडिया लॅबमधले रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकारानं इथं 'कुंभथॉन' भरलं आणि शाळकरी वयाच्या नीलय कुलकर्णीनं आपल्या सोबत्यांबरोबर 'अशिओटो' ही पायांचा दाब मोजणारी चटई बनवली. त्या चटईनं सिंहस्थात अठरा तासांत पाच लाखांवर माणसं मोजली. चेहरा नको, नाव नको, फोन नको, फक्त पावलं. मला त्या कामाचा फार अभिमान वाटतो. पण मोजलेला आकडा बंदोबस्ताच्या उपयोगाचा होता, मागच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसण्याची सोय नव्हती. उरलेलं अर्धं काम आता करायचं आहे.

प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात साधनं याहून कितीतरी जास्त होती. गर्दीची घनता ओळखणारे कॅमेरे, अकरा भाषांत उत्तरं देणारा चॅटबॉट, संगणकीकृत खोया-पाया केंद्रं. तरी २९ जानेवारीच्या पहाटे संगमावर बॅरिकेड तुटलं, घाटावर निजलेली माणसं तुडवली गेली. सरकारनं जाहीर केलेला मृतांचा आकडा ३० होता. कॅमेऱ्यानं पाहिलेलं गर्दीपर्यंत वेळेत पोचवायचं कसं, हा प्रश्न कॅमेरे वाढवून सुटत नाही.

मात्र त्याच मेळ्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलावी अशी होती: विजेच्या खांबांना नंबर दिले होते, वर क्यूआर कोड. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्यानं कोड वापरावा. नसेल त्यानं कुणाच्याही फोनवरून नुसता नंबर सांगावा. आजींच्या लेकानं हेच तर करायला हवं होतं, पण त्याच्या खांबाला नंबर नव्हता.

वारीत हे शहाणपण जुनंच आहे. रथापुढं अमुक नंबर, रथामागं तमुक नंबर, असा प्रत्येक दिंडीचा पत्ता असतो. चुकलेला वारकरी तेवढा आकडा सांगतो आणि कुणीही त्याला त्याच्या माणसांत नेऊन सोडतो. प्रयागचे पंडे उंच काठीवर आपापल्या खुणेचा झेंडा लावतात, यजमान त्या खुणेवर येतात. लंडननं २००७ पासून पादचाऱ्यांसाठी जे नकाशाचे खांब उभारले, त्यांच्यामागचा विचार वेगळा नाही. पायी जाणारे लोक भुयारी रेल्वेच्या नकाशावर अंतर जोखत आणि फसत. नव्या खांबांवरचा नकाशा उत्तरेकडं तोंड करून नसतो. तुम्ही ज्या दिशेला पाहताय ती वर असते, आणि पाच मिनिटं चालून कुठं पोचाल ते वर्तुळ काढून दाखवलेलं असतं. बॅटरी नको, रेंज नको.

आता नाशिकचं. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. नाशिक रोड स्थानकातून माणूस बाहेर पडतो तिथं मोठ्या फलकावर दिसू दे: रामकुंडावर आत्ता किती वेळ थांबावं लागतंय, आणि दसकचा घाट चालत किती मिनिटांवर आहे. तीच गोदावरी आहे. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला माणूस ते वाचून कदाचित दसकला वळेल, कदाचित नाही वळणार. रामकुंडाची ओढ मोठी असते. पण ठरवेल तो, माहिती हातात घेऊन. २०१५ च्या पहिल्या स्नानाला बॅरिकेडांनी लोकांना इतकं लांब अडवलं की माणसं मैलोगणती चालली आणि घाट मोकळे राहिले. विश्वासानं सांगितलं नाही, की अडवावंच लागतं. बाहेरच्या वाहनतळांवर आणि त्र्यंबकच्या रस्त्यावरही असेच फलक लागतील, मराठी-हिंदीच्या जोडीला गुजराती आणि तेलुगूही. आकडा जुना झाला तर फलक काळा पडू दे. चुकीचा आकडा त्याहून घातक.

आणि खांब. तपोवनापासून रामकुंडापर्यंतचा प्रत्येक खांब, हातभर उंचीचा आकडा, लांबून दिसेल असा, सोबत एक चित्र: मोर, कमळ, घागर. वाचता न येणाऱ्या बाईला "मोराच्या खांबापाशी" एवढं पुरतं. हाच आकडा पोलिसांच्या, रुग्णवाहिकेच्या आणि ध्वनिक्षेपकावरच्या माणसाच्या नकाशात असला पाहिजे.

त्या दिवशी आजींचा लेक संध्याकाळी सापडला, तीन चौक पलीकडं. तोही एका खांबापाशीच उभा होता, दुपारपासून.

खांबांवर आकडे रंगवण्याचं काम येत्या उन्हाळ्याच्या पुढं ढकलू नये. आषाढ लागला की नाशिकला रंग वाळत नाही.